शिट्टी आणि बार

कबड्डीच्या प्रशिक्षकाला तोंड एक आणि कामे दोन असतात: शिट्टी फुंकणे आणि तंबाखूचा बार सांभाळणे. खालच्या ओठात बार असताना शिट्टी फुंकली, तर आवाजाआधी बार बाहेर येतो. म्हणून शिट्टी गळ्यात लटकते, केवळ हुद्दा कळावा यासाठी.

शिट्टीची जागा खुणांनी घेतली आहे. सरांनी डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना मळायला घेतला की मुलांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या. दोन थापट्या मारून चुन्याची पूड उडवली की थांबायचे. बार भरल्यावर सगळे डावपेच ‘हं’ आणि ‘अंहं’ यांत सांगितले जातात. पिंक डावीकडे पडली तर डावा कोपरा ढिला, उजवीकडे पडली तर उजवा. चढाई करणाऱ्याने मात्र दम न तोडता ‘कबड्डी कबड्डी’ स्पष्ट म्हणायचे असते; नाहीतर पंच त्याला माघारी बोलावतो. तोंड मोकळे असल्याशिवाय जो खेळ खेळताच येत नाही, तो तोंड भरलेला माणूस शिकवतो.

प्रबोधन 31 मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, उन्हाळी शिबिरात उरकले जाते. सर आधी कोपऱ्यात जाऊन थुंकून येतात आणि मग शपथ सांगतात.

पुडी आणायला संघातले सर्वांत चपळ पोर धाडले जाते. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. त्यामुळे टपरी 101 व्या यार्डावर असल्याचे मानले जाते आणि ती धाव सरावात धरली जाते. पोर धापा टाकत परतले की बक्षीस ठरलेले: ‘घे चिमूटभर, दम वाढतो.’ दम वाढत नाही. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, सवय जडते, पुढे हिरड्या सडतात आणि तोंडाचा कर्करोग होतो. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अशी चिमूट देण्याला गावात ‘सरांचा जीव आहे पोरांवर’ असे म्हणतात. सातवीतल्या पोराच्या ओठात विष ठेवणारा गुरू नव्हे, गुन्हेगार आहे. आणि गुरुपौर्णिमेला त्याला नारळ देणारे पालक त्याचे साथीदार आहेत.

वजनी गटात मुलांना काट्यावर उभे करतात. त्याच रांगेत प्रशिक्षकालाही उभे करून आ करायला लावावे. वेगळे यंत्र लागत नाही. सरावभर शिट्टी वाजवायला लावली तरी पुरते.