एक हात खिशात

काकाजींना तुम्ही ओळखता. नागपूरच्या बाहेर राहत असाल तर त्यांना काका, अण्णा किंवा नाना म्हणत असाल, एवढाच फरक. पाहुणे म्हणून आले तरी पाण्याच्या पेल्याआधी ज्यांची नजर स्विचबोर्डावर जाते, शर्टाच्या खिशाला इतरांचं पेन असतं तिथे ज्यांचा टेस्टर असतो, आणि मिक्सरचं बटण दाबायला निघालेल्या बाईला जे मागून "हात कोरडे आहेत न?" असं विचारून दचकवतात, ते. अशाच एका दचकण्यात आमच्याकडे चटणीचं भांडं ओट्यावरून खाली आलं. काकाजी म्हणाले, "शॉकपेक्षा बरं."

आयुष्यभर त्यांनी नागपूरच्या सीताबर्डीला रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. त्या धंद्यानं त्यांना दोन खोल्यांचं घर, जाड भिंगांचा चष्मा आणि एक सवय दिली. डावा हात पँटच्या खिशात.

"चालू सेटमध्ये एकच हात घालायचा भाऊ," ते सांगतात. "दोन्ही घातले न, तर करंट एका हातातून घुसते अन् दुसऱ्यातून निघते. मधात काय येते?"

मी म्हटलं, "बनियन."

"छाती! अन् छातीत हृदय!"

शास्त्र बरोबर आहे. जुने मेकॅनिक शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी हे शिकवत, आणि पोरगं विसरलं तर टपली मारत. टपलीही एकाच हातानं. पण चालू सेट कुठे संपतो आणि उरलेलं जग कुठे सुरू होतं, याचा काकाजींना विसर पडला. त्यांच्या सगळ्या पँटी डाव्या खिशापासून जुन्या होत जातात. शिंप्याला तो खिसा दुहेरी कापडाचा शिवायची कायमची ताकीद आहे. लग्नात अक्षता उजव्या हातानं टाकतात ते ठीक, पण काकाजी टाळीही उजव्याच हातानं वाजवतात, शेजारच्याच्या पाठीवर. कुणाकडे समाचाराला गेले की नमस्कार अर्धाच. अनोळखी माणसाला वाटतं, निवडणुकीला उभे आहेत. सत्यनारायणाला गुरुजी म्हणाले, "ओंजळ करा." काकाजींनी चौरंगाभोवती गुंडाळलेल्या दिव्यांच्या चिनी माळेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी ती बंद करा, मग करतो." माळ बंद झाली, देव अंधारात गेला, काकाजींनी ओंजळ केली.

त्यांच्या नावावर एक दंतकथा आहे. 1982च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला आणि 1987मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं. कुणाच्या तरी घरी अख्खी गल्ली जमलेली, टीव्हीला हार घातलेला, उदबत्ती लावलेली, आणि नेमकं लंकादहनाच्या दिवशी चित्र गेलं. काकाजींना धरून आणलं. त्यांनी पिन काढली. मागचं झाकण उघडलं. स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून ती चेसिसला जोडली आणि पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवलं. 'चट्' झालं. सगळे म्हणाले, झालं का? काकाजी म्हणाले, थांबा, ते पुन्हा साठते. पुन्हा 'चट्'. पुन्हा थांबले. घरात वीज येते 230 व्होल्टची, पण रंगीत ट्यूबवर 25 हजारांच्या आसपास दाब असे, आणि टीव्ही बंद केल्यावरही तो दबा धरून बसे. हे सगळं त्यांनी जमलेल्या भाविकांना समजावून सांगितलं. तोवर शेजारच्या घरातून लंका जळल्याचा जयजयकार ऐकू आला. घरमालक रडकुंडीला आला. काकाजी म्हणाले, "लंका पुढच्या रविवारीही जळलेलीच राहील न. तुम्ही राहाल की नाही ते पाहा."

या सगळ्या वेळात डावा हात कुठे होता, हे विचारू नका.

खरा कहर उन्हाळ्यात. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी असते. कारण उघड आहे. लोखंडी पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, त्याची गेल्या वर्षीची तडकलेली वायर, टोकाला दोनच काड्यांची पिन, आणि बाहेर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाइपानं पाणी भरणारा आपल्यापैकी एक. संध्याकाळी पाण्याचा आवाज सुरू झाला की काकाजी गॅलरीतून ओरडतात, "वहिनी, पिन काढली का?" वहिनी म्हणतात, "बटण बंद आहे." मग काकाजी खाली उतरतात. बटणानं भागत नाही, कारण वायरिंग करणाऱ्यानं फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली असेल, तर बटण बंद करूनही करंट पंपापर्यंत येऊन बसलेला असतो. हे सांगून होईपर्यंत टाकी भरून वाहू लागते.

एकदा एक कूलर 'करंट मारून राहिला' म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी आधी टेस्टर दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये घालून तो जिवंत आहे याची खात्री केली, मग पत्र्याला लावला. दिवा लागला. घरचा मुलगा म्हणाला, "मी तर हात लावून पाहिला, जरासा झिणझिणतो." काकाजी पांढरेफटक पडले. तळहात लावला की मूठ आवळते आणि माणूस चिकटतो, हे त्यांनी त्याला इतकं खोलवर समजावलं की मुलगा पुढे कॉमर्सला गेला.

सोसायटीच्या अर्थिंगचा खड्डाही त्यांचाच. कोळसा आणि मीठ घातलेल्या त्या खड्ड्यातली माती वाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून भर उन्हाळ्यात काकू तुळशीला पाणी घालतात आणि काकाजी खड्ड्याला. टँकरच्या दिवसांत यावरून सभेत रणकंदन झालं.

सभेवरून आठवलं. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या लाइनवर एक ईएलसीबी होता. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा तो हिशेब ठेवतो, आणि 30 मिलीअँपिअरचाही घोटाळा दिसला की क्षणात वीज तोडतो. शंभर वॅटचा बल्ब 400हून जास्त मिलीअँपिअर ओढतो. माणूस संपायला त्यातला चिमूटभर पुरतो. तर हा ईएलसीबी रोज सकाळी पडू लागला. काकाजी म्हणाले, केबल खराब आहे, ती बदला. केबलचा खर्च ऐकून सेक्रेटरींनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि ईएलसीबी वगळून लाइन 'डायरेक्ट' करून घेतली. आता पंप एकदाही बंद पडत नाही. काकाजी दोन सभा ओरडले. तिसऱ्या सभेत त्यांना समितीतून मोकळं करण्यात आलं. ईएलसीबी काय आणि काकाजी काय, जरा कुठे गळती झाली की पडतात आणि सगळ्यांचा खोळंबा करतात, तेव्हा दोघांनाही डायरेक्ट केलेलं बरं. त्याच सभेत गणपतीच्या लोखंडी कमानीवर भर पावसाळ्यात रोषणाई करायला एकमतानं मंजुरी मिळाली.

काकाजी छळतात, यात वाद नाही. पण मार्च संपत आला की ते पिशवी घेऊन आमच्या मागच्या वस्तीत जातात. तिथे कुणी बोलावलेलं नसतं. घरोघरी माळ्यावरून उतरलेले कूलर पाहतात, तडकलेली वायर काढून तीन तारांची बसवतात, दोन काड्यांची पिन खिशात टाकतात आणि तीन काड्यांची लावून देतात. जिथे भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसतं तिथे बाहेर खड्डा खणायला लावतात. वायरचे पैसे विचारले तर म्हणतात, "घरी जुनी पडली होती." गुंडाळीवर दुकानाचं नवंकोरं लेबल असतं. त्यांचं स्वतःचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. ज्या ट्यूबला ते भीत, ती भंगारात गेली. आता टीव्ही बिघडला की पोरं बोर्ड बदलतात, आणि काकाजींनी आयुष्यभर जपून वापरलेली भीती कुणाला शिकवावी तर कूलरवाल्यांशिवाय गिऱ्हाईक उरलं नाही. वस्तीतल्या पोरांनी मात्र ती घेतली आहे. एक हात चड्डीच्या खिशात घालून ती कूलर दुरुस्त करतात. काहींच्या चड्डीला खिसा नाही, ती हात पाठीमागे धरतात.

तुमच्या मीटरजवळच्या पेटीत ईएलसीबी असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण आहे. आजच ते दाबून पाहा. खटका पडला तर ठीक. नाही पडला, तर उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलवा. काकाजींना कळवू नका. ते आज रात्रीच येतील, आणि तुमचं जेवण अकराच्या आत होणार नाही.