व्ह्यू आणि वालाच्या शेंगा

प्रवासात रात्रीच्या जेवणाला ‘व्ह्यू’वालंच हॉटेल का लागतं? साडेआठच्या काळोखात दिसणार काय? तरी काचेजवळच्या टेबलासाठी ताटकळायचं आणि ते मिळालं की काचेत आपलीच भुकेली तोंडं बघायची. दरीचे पैसे पनीरच्या भाजीत वसूल होतात, ते वेगळंच.

2024 साली अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईकर उरणकडे लवकर पोचू लागले. आता उरणजवळच्या चिरनेर गावातही गाडीची काच खाली करून विचारतात, “इथं व्ह्यू कुठं मिळेल?” वाटेत बंदरावरच्या कंटेनरच्या थप्प्या आहेत. रात्री दिव्यांत त्याच जास्त उठून दिसतात. ‘पोर्ट फेसिंग’चा जादा दर अजून कुणी कसा लावला नाही, नवल आहे.

दुसरा व्ह्यू अक्कादेवीच्या डोंगराचा. 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात इथं सरकारनं माणसांवर गोळ्या झाडल्या. जंगल कुणाचं, हा वाद होता. आज त्या हिरवाईकडे पाठ करूनच फोटो निघतो.

थंडीत मात्र शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. मडकं उपडं, भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. सगळ्यांचे डोळे मडक्यावर, डोंगराकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. शहरातली काकू तेवढी विचारते, “पण बसायचं कशावर?”