कट्टे मोजता, पोट्टे मोजा!

(गोंदियाजवळचा बंगला. अंगणात नवाकोरा स्विमिंग पूल. उद्या नातवाचा वाढदिवस. राइस मिलवाले शेटजी आणि अर्जुनी मोरगावकडचे धानवाले काकाजी.)

शेटजी : पाहा काकाजी! तलावांचा जिल्हा म्हणतात आपल्याला. म्हटलं, एक आपल्याही नावावर असावा.

काकाजी : झकास आहे जी. पण याची पार कुठं आहे?

शेटजी : पार? अहो, इटालियन टाइल्स लावल्यात!

काकाजी : नवेगाव बांधाले कोलू पाटलानं पार घातली, तवा पाणी अडलं. तुमचं पाणी टाइल्सनं अडलं. पोट्टे कशानं अडणार?

शेटजी : आठ फुटांचं कंपाउंड आहे. वर काचा!

काकाजी : ते चोरासाठी. चोर काहाले बुडायले येते? पोट्टं येणार सैपाकघराच्या दारातून. पाण्याभोवती चारी बाजूंनी चार फुटांचं कुंपण घाला. गज उभे ठेवा, आडवे असले की शिडी होते. फाटक बाहेर उघडणारं, आपोआप लागणारं, अन् खिटी वर.

शेटजी : शोभा जाईल हो! अन् सोळा कॅमेरे आहेत. सगळं मोबाइलवर दिसतं.

काकाजी : कॅमेरा उडी मारते का?

शेटजी : पण बुडणारं मूल ओरडेल ना!

काकाजी : ते सिनेमात. तोंडच पाण्यात असलं तर ओरडणार कशानं? लेकरू पाण्यात एकदम चुप झालं, की समजा अन् धावा.

शेटजी : म्हणून तर फुगवायचं बदक आणलंय.

काकाजी : बदकाले तरंगता येते, नातवाले नाही. अन् खेळ संपला की ते बदक बाहेर काढा. नाहीतर पोट्टं त्याच्यामागं जाते.

शेटजी : चाळीस पाहुणे आहेत उद्या. चाळीस जणांचं लक्ष राहील!

काकाजी : मिलमध्ये धानाची गाडी उतरते, तवा कट्टे कोण मोजते?

शेटजी : मुनीम. एकटा.

काकाजी : सारे हमाल मिळून काहाले नाही मोजत?

शेटजी : मग झालाच हिशेब! ज्याला त्याला वाटेल, दुसऱ्यानं मोजला...

(शांतता.)

शेटजी : अस्सं होय.

काकाजी : हाव. पाण्याजवळ एक मुनीम बसवा. पोहणारा. मोबाइल खिशात नको, गप्पा नकोत, पंधरा मिनिटांनी बदली. हाताशी लांब बांबू अन् दोर बांधलेली ट्यूब. न पोहणाऱ्यानं उडी मारली की एकाचे दोन होतात.

शेटजी : आणि बाहेर काढलं की पाय धरून गरगर फिरवायचं.

काकाजी : कट्टा आहे का झटकायले? श्वास चालत नसला तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, अन् दुसऱ्याले १०८ लावायले सांगा.

शेटजी : पटलं. आजच फाटकवाल्याला बोलावतो. पण काकाजी, तुमच्या शेततळ्याला कुंपण किती फुटांचं?

(काकाजी पागोट्याशी चाळा करतात.)

काकाजी : आमची जुनी बोडी मातीची जी, पाय रोवून वर येता येते...

शेटजी : बोडी नाही. प्लास्टिकचा कागद टाकलेलं नवं शेततळं.

काकाजी : त्याच्यावर... शेवाळ आहे. पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही.

शेटजी : मग?

काकाजी : मग काय जी. फाटकवाल्याले दोन फाटकं सांगा. अन् काठावरून आत सोडायले गाठी मारलेला दोर तुमच्याच मिलमधून द्या.