चौदा लायब्रऱ्यांचा धनी

शेजारणींनी विचारलं की त्याची आई सांगते, "दिवसभर लायब्रऱ्या घेऊन बसलेला असतो." शेजारणींना वाटतं, पोरगा एमपीएससी देतोय.

पोरगा अंधेरीत मालिकांचं पार्श्वसंगीत करतो. लायब्रऱ्या हार्पच्या आहेत: खऱ्या वाद्याची एकेक तार हळू, मध्यम, जोरात छेडून टिपलेली आणि कीबोर्डच्या पट्टीला बांधलेली. सून उंबरठा ओलांडते, तेव्हा पहिली लायब्ररी. नायकाला जुनं आठवतं, तेव्हा सहावी, भरपूर रिव्हर्बसकट. मेलेली सासू परत आली की तीन एकदम. (सासवा बऱ्याचदा परत येतात, त्यामुळे पैसे वसूल आहेत.)

यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. रोज एक भाग द्यायचा, तर चाळीसेक किलोचं वाद्य लिफ्टमधून कोण चढवणार? पूर्वी ही झुळूक स्वरमंडलावर भागायची, आता माउसवर भागते. पण चौदावी लायब्ररी घेतल्यापासून तो स्वतःला हार्पमधला दर्दी समजायला लागला. लायब्ररीत पेडलच्या खटक्याचा आवाज कमीजास्त करायची सोय असते. तो ती सदैव पूर्ण चढवून ठेवतो. "रिअल वाटतं." एकदा त्याला एनसीपीएत खरी हार्प ऐकायला नेलं. चायकोव्स्कीचा फुलांचा वॉल्ट्झ होता. त्यात सुरुवातीलाच हार्प एकटी बोलते. मी गप्प झालो. तो कानाशी वाकून म्हणाला, "खटका ऐकूच येत नाहीये रे. सॅम्पल वाटतंय."

मग एका सिनेमात निर्मात्याला हौस आली: हार्प लाइव्ह हवी.

बाई आल्या, हार्प आली. बाई सत्तेचाळीस तारा लावत बसल्या. लाल तार षड्जाची का, त्याने विचारलं. 'सी'ची, बाई म्हणाल्या. स्टुडिओचं भाडं तासावर, त्यामुळे ह्याचा एक डोळा घड्याळावर. "लायब्ररी सुरात असूनच येते," तो माझ्याकडे बघून पुटपुटला.

बाईंनी कागद उचलला. पहिल्याच ठिकाणी दहा सुरांचा कॉर्ड. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले आणि दोन्ही करंगळ्या दुमडून दाखवल्या. हार्पवर करंगळी चालत नाही. आठ बोटांचाच कारभार.

"माझ्याकडे वाजतं की," तो म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी खालपासून वरपर्यंत बाराही सूर सळसळत नेलेले. त्याने काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवून ते लिहिलं होतं. हार्पला सप्तकात ताराच सात. सूर अर्धा चढवायचा-उतरवायचा तो पायाने. पेडलंही सात, प्रत्येकाला तीन खाचा. बाईंनी पायांकडे बोट दाखवलं, कागदाकडे दाखवलं आणि मान हलवली. मग पेडलं आपल्या मनाने लावून त्यांनी एक सळसळ काढली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हातातला वडापाव खाली ठेवला.

आमच्या दर्द्याने लिहिलेलं सगळं बाजूला सारलं. उरलेल्या वेळात बाईंना विनंती करून एकेक तार वाजवून घेतली, टिपली.

ती आता त्याची पंधरावी लायब्ररी. सत्तेचाळीस तारा आहेत, आणि एकविसाव्या तारेच्या शेवटी बाईंची खुर्ची करकरते. ती करकर त्याने पूर्ण चढवून ठेवली आहे.