लॉरीचं स्थळ

शांता शेळके यांनी लुइसा मे ऑल्कॉटच्या 'लिटल विमेन'ची 'चौघीजणी' केली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या चार मुलींच्या लग्नाची काळजी मराठी घरांना लागली. मेग, जो, बेथ आणि अ‍ॅमी. वडील यादवी युद्धात सैन्याचे धर्मोपदेशक म्हणून गेलेले, घरात पैशांची चणचण, आई भाविक आणि खमकी. नाताळच्या सकाळी मुलींच्या उशीखाली तिने काय ठेवावं, तर एकेक धर्मपुस्तक! आणि मुली इतक्या गुणी की त्यांनी ती वाचलीसुद्धा. शिवाय बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधल्या यात्रेकरूसारखं प्रत्येकीने आपल्या दोषांचं ओझं पाठीवर घेऊन स्वर्गाची वाट धरायची. जोचा राग, मेगची नटण्याची हौस, बेथचा बुजरेपणा, सगळं त्या गाठोड्यात होतं. लग्नाचा घोळ तेवढा कुणी बांधून घेतला नव्हता. तो पुढे आपोआप आला.

मेगचं प्रकरण मला फार आवडतं. ब्रूक मास्तर विचारतात तेव्हा ती नखरे करते, त्यांना जायला सांगते. इतक्यात पैसेवाली मार्च आत्या उगवते आणि बजावते की या कफल्लकाशी लग्न केलंस तर माझा छदाम मिळणार नाही. झालं! ज्याला आत्ता घालवत होती, त्याचीच वकिली मेग करू लागते आणि लग्न ठरतं. आमच्या सगळ्या आत्या समजूतदार निघाल्या. त्यामुळे आमच्याकडे कित्येक प्रकरणं 'बघू, विचार करते' एवढ्यावरच विझली.

खरं भांडण मात्र जोवरून. शेजारचा लॉरी देखणा, पदवीधर, पियानो वाजवणारा, श्रीमंत आजोबांचा एकुलता नातू. माझी मावशी यात एक कलम वाढवते, "आणि घरात सासू नाही गं!" अशा स्थळाला जो चक्क नाही म्हणते. बरं, हो कुणाला म्हणावं? बर्लिनहून आलेल्या, चाळिशीला टेकलेल्या, दाढीवाल्या प्रोफेसर भेअरला. पदरात बहिणीची दोन मुलं, खिसा रिकामा. तोही होकार भर पावसात, छत्रीखाली. मावशी त्या पानावर पुस्तक मिटते.

यात दोष लेखिकेचा नाही, वाचकांचा आहे. पहिला भाग 1868 मध्ये आला आणि मुलींची पत्रं सुरू झाली, की लग्न कुणाशी लावणार? बाईच्या आयुष्यात लग्नाशिवाय दुसरं काही नसतंच का, असं वाटून ऑल्कॉट वैतागली. तिच्या मते जोने लिहीत, बिनलग्नाची राहायला हवं होतं. पण वाचकांपुढे इलाज चालेना. मग तिने दुसरा भाग रोज एक प्रकरण या झपाट्याने लिहायला घेतला आणि मुद्दामच अजब जोडी जमवली. 1869 मध्ये तो छापून आला. म्हणजे भेअर हा वाचकांवर उगवलेला सूड आहे. सूड इतका प्रेमळ निघावा, ही लेखिकेची भलाई.

लोक जोला उगाच धरसोड करणारी म्हणतात. लॉरीचा रंग ओळखून ती आधीच न्यूयॉर्कला निघून जाते, तरी तो विचारतो तेव्हा तोंडावर नकार देते. याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? मन बदलतं ते लॉरीचं. तो युरोपात जाऊन धाकट्या अ‍ॅमीच्या प्रेमात पडतो आणि तीही श्रीमंत फ्रेड वॉनचा विचार सोडून याला हो म्हणते. थोडक्यात, स्थळ घरातच राहिलं. शिवाय मार्च आत्याचा प्लमफील्डचा वाडा शेवटी जोच्याच वाट्याला आला आणि तिथे तिने नवऱ्यासोबत मुलांची शाळा काढली.

जोने केलं ते बरोबरच केलं, माझ्या मनात शंका नाही. मावशीला हे पटवायचं असेल, तर तुम्ही जा. मी येणार नाही.