निपाणीची वेलांटी

व्हिम नावाच्या एडिटरमध्ये शिरलेल्या माणसाला बाहेर पडता येत नाही, हा संगणकवाल्यांचा जुना विनोद. बाहेर कसं पडायचं, या एकाच प्रश्नाचं पान दहा लाख वेळा उघडलं गेल्याचं स्टॅक ओव्हरफ्लोने 2017 मध्ये जाहीर केलं. 1956 पासून कर्नाटकातून बाहेर पडायची वाट बघणाऱ्या आम्हा बेळगाव-निपाणीकरांना त्याचं काय कौतुक? व्हिमवाल्याला निदान एस्केपची कळ आहे. आमचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता इंजिनिअरिंगची पोरं टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या पडद्याच्या, नादाला लागली आहेत. लागू देत. व्हिमची खोड एवढीच, की तीच कळ एका मोडमध्ये अक्षर असते आणि दुसऱ्यात हुकूम. मोड न बदलता टाइप करायला घेतलं आणि डी दोनदा पडला, की अख्खी ओळ गायब. पुण्याच्या पोराला हे पचायला वेळ लागतो. निपाणीच्या पोराला मोड काय शिकवायचे? घरात मराठी, कचेरीत कानडी, कॉलेजात इंग्रजी. आणि चुकीच्या मोडमध्ये तोंड उघडलं तर काय होतं, हे त्याला एसटीच्या तिकिटापासून ठाऊक.

शेलचे, म्हणजे तिथले हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रॅमचे, मात्र निव्वळ नखरे. 1989 चा बॅश बरा चालला होता. 2019 मध्ये अ‍ॅपलने मॅकवर झेडशेल डीफॉल्ट केला, तेव्हापासून ज्याच्याकडे मॅक नाही त्यालाही तोच हवा. त्याहून हौशी असतील ते फिश घेतात. तो कमांड पुरी व्हायच्या आत पुढचं सुचवतो, हे खरंच सुखाचं आहे. पण बॅशची स्क्रिप्ट त्यात जशीच्या तशी चालेल याची खात्री नाही. तिकडे लूप 'डन'ने संपतो, इकडे 'एंड'ने. नोकरीत ज्या सर्व्हरपुढे बसवतील, तिथे बहुधा बॅश आणि व्हिमचा पूर्वज व्हीआयच असणार. रंगीत प्रॉम्प्ट सजवण्यात रात्री घालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

खरी गंमत पुढे आहे. या काळ्या पडद्यावर 'निपाणी' लिहून बघा. बऱ्याच टर्मिनलांत पहिल्याच अक्षराची वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसते. कानडीतली निप्पाणी लिहिली तर जोडाक्षर फुटतं. कारण साधं आहे. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या मापाच्या चौकटी, एका ओळीत सहसा 80. हा आकडा जुन्या पंचकार्डांपासून चालत आला. एक अक्षर, एक चौकट, हा इंग्रजीचा हिशेब. आमच्या दोन्ही लिप्यांत अक्षरं एकमेकांत मिसळतात, देवनागरीत तर पहिली वेलांटी जागाही बदलते. काही नव्या टर्मिनलांनी सुधारणा केली आहे, पण काम अर्धंच आहे.

कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कानडी हवी, असा 2024 चा कायदा. त्यावरून इकडे वाद, तिकडे वाद. आणि टर्मिनलने दोघांनाही शंभर टक्के सारखंच मोडून ठेवलंय. एवढी समान वागणूक सीमाप्रश्न सोडवायला नेमलेल्या महाजन आयोगालाही जमली नाही.

विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ 1998 पासून बेळगावातच आहे. तेव्हा अंतिम वर्षाच्या पोरांनो, प्रोजेक्टला यंदाही हजेरीचं अ‍ॅप करू नका. बऱ्याच टर्मिनलांचा सोर्स कोड खुला आहे, व्हिमचाही. हे दुखणं हातात घ्या. गटात एक मराठीवाला आणि एक कानडीवाला असू द्या. तपासायला दोन्ही लिप्या लागतील. गाईड म्हणतील, याचा उपयोग काय? काही बोलू नका. टर्मिनल उघडा आणि त्यांचंच नाव त्यांच्या लिपीत टाइप करून दाखवा.