तुम्ही उशिरा आलात

पेरूतल्या कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात फळांचा रस विकणाऱ्या बायकांची एक अख्खी रांग आहे. उंच ओट्यावर, पपया आणि अननसांच्या ढिगामागे बसून त्या मिक्सर फिरवत असतात. पेला रिकामा होत आला की भांड्यात उरलेला रस पुन्हा तुमच्याच पेल्यात ओततात. या वरच्या मापाला तिथे 'यापा' म्हणतात, त्याचे पैसे पडत नाहीत. हा यापा घशाखाली उतरत असतानाच शेजारच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "आता काय राहिलंय इथे! पाच-सहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं तुम्ही."

हे आधीवाले. बोगोतापासून सांतियागोपर्यंत असं एकही शहर नाही, जिथे हे तुमच्या आधी येऊन गेलेले नाहीत. पूर्वी ही मंडळी जर्मनीची, इस्रायलची किंवा ऑस्ट्रेलियाची असत. अलीकडे त्यांत पुण्याची भर पडली आहे, आणि खरं सांगायचं तर पुण्याच्या माणसाला या कामाचं वेगळं शिक्षण द्यावं लागत नाही.

आधीवाल्यांचा वेष ठरलेला. पाठीवर सॅक, डोक्याला कानांवर गोंडे लोंबणारी लोकरी टोपी, अंगात लामांची रांग विणलेला स्वेटर. तो खऱ्या अल्पाकाच्या लोकरीचा असल्याचं ते शपथेवर सांगतात. स्थानिक दिसावं म्हणून हा थाट. बोलिव्हियातल्या ला पाझच्या रस्त्यावर आयमारा बायका घेरदार पोयेरा नेसून, बोलर हॅट किंचित तिरकी ठेवून चालतात. त्यांची पोरं फुटबॉल क्लबांचे टीशर्ट घालतात. लामांचा स्वेटर घालून हिंडतात ते दोघेच. एक आधीवाले, आणि दुसरे, ज्यांना आधीवाले नाक मुरडून 'टुरिस्ट' म्हणतात ते.

बाजारात शिरले की त्यांना चेव चढतो. अर्ध्या सोलसाठी ते वीस मिनिटं घासाघीस करतात, आणि ज्या कॅफेत जाऊन ही विजयगाथा सांगतात तिथल्या कॉफीला बारा सोल विनातक्रार मोजतात. विक्रेती त्यांना 'कासेरितो' म्हणते, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. "बघा, ओळखते मला!" विक्रेती आणि गिऱ्हाईक तिथे एकमेकांना हेच म्हणतात, मी तिच्यासमोर जन्मात पहिल्यांदा उभा होतो, तरी मलाही तिनं कासेरितोच म्हटलं. आधीवाल्यांनी ते ऐकलं नाही. ऐकू न येणं हा त्यांचा एक मोठाच गुण आहे. ला पाझच्या चेटकिणींच्या बाजारात घराच्या पायात पुरायला लामाचे वाळलेले गर्भ टांगलेले असतात. पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, तो नैवेद्य. तिथेही त्यांचा शेरा ठरलेला, "पूर्वी खऱ्या चेटकिणी होत्या हो."

बागांबद्दल त्यांना फार बोलवत नाही, कारण बाग बिघडायला वेळ लागतो. तरी लिमाच्या केनेडी पार्कात प्रयत्न करून पाहतातच. ही बाग तिथल्या मांजरांसाठी प्रसिद्ध. बाकावर बसलं की एखादी बोकोबा स्वारी मांडीवर येऊन पसरते. "पूर्वीची मांजरं अशी धंदेवाईक नव्हती," आधीवाले म्हणाले. बोकोबा त्यांच्याच मांडीवर होते.

पण त्यांचा खरा प्रांत डोंगरांचा. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी कुस्को शंभरेक मीटर वरच उरतं, आणि ला पाझ त्याहूनही उंच. नव्या माणसाचं डोकं ठणकतं, जिना चढताना धाप लागते. याला 'सोरोचे' म्हणतात. आधीवाल्यांना सोरोचे होत नाही. त्यांना फक्त 'काल नीट झोप लागली नाही' असं होतं. कोकाच्या पानांचा चहा ते दिवसातून आठदा पितात, तो केवळ संस्कृती म्हणून. ला पाझला २०१४ साली केबल कार सुरू झाली आणि वरच्या एल आल्तोहून लोक काही मिनिटांत खाली येऊ लागले. आधीवाल्यांच्या मते त्या दिवशी शहराचा आत्मा गेला, कारण खरं ला पाझ मिनीबसमध्ये होतं. रविवारी एल आल्तोच्या अवाढव्य बाजाराला गेलो तेव्हा पाळण्यात माझ्यासमोर तेच बसले होते, काचेला फोन चिकटवून. इंद्रधनुष्यी डोंगर विनिकुंका दहा-पंधरा वर्षांपूर्वी फारसा कोणाला ठाऊक नव्हता, हे त्यांचं खास दुःख. तो ठाऊक नसणाऱ्यांत ते स्वतःही होते.

"आणि वाइना पोतोसी?" मी विचारलं. ला पाझजवळचं हे हिमशिखर ६,०८८ मीटरचं.

"जाऊन आलोय ना."

"अगदी शिखरावर?"

"शिखरावर काय हो, सगळेच जातात!"

माणूस मात्र वाईट नाही. रात्री माझं डोकं फुटायची वेळ आली तेव्हा दार ठोठावून गोळी आणि गरम पाणी त्यांनीच आणून दिलं. वर कोणत्या बसमध्ये पाय लांब करता येतात, कुठल्या खानावळीत सूपसुद्धा पोटभर मिळतं, हे सगळं लिहून दिलं, आणि ती सगळी माहिती बरोबर निघाली. फक्त प्रत्येक ओळीखाली 'आता पूर्वीसारखं नाही' असं लिहिलं होतं.

या पंथाचे मूळपुरुष हायराम बिंगहॅम. १९११ साली माचू पिचूला पोचलेला हा अमेरिकन प्राध्यापक पुढे जगभर त्याचा शोधक म्हणून गाजला. प्रत्यक्षात तिथे दोन शेतकरी कुटुंबं इंकांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर पिकं घेत राहत होती. त्यांनी पाहुण्याला थंड पाणी आणि उकडलेली रताळी दिली आणि एका पोराला वाट दाखवायला बरोबर धाडलं. वर भिंतीवर कोळशानं एक नाव लिहिलेलं सापडलं: लिसारागा, १९०२. बिंगहॅमसाहेबही उशिराच आले होते.

तेव्हा तुम्ही खुशाल जा. माचू पिचूपर्यंतची इंका ट्रेल चालायची असेल तर फेब्रुवारी टाळा, तेव्हा ती बंद असते. एरवीही रोज हमाल-वाटाडे धरून पाचशेच माणसं सोडतात, म्हणून परवाना आधी काढा. आणि पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला जवळ ठेवा. पेरू किंवा बोलिव्हियातून तो न घेता परतलात तर भारतात विमानतळावरच अडवून विलगीकरणात ठेवतात.